सोन्यावरची अक्षरे

मंडळाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुन्या सभासदांनी दोन शब्द लिहावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी हसून सोडून दिले होते. लोणच्या-पापडांच्या कृतीपलीकडे आपण काय लिहिणार! पण मध्यंतरी नातीबरोबर गुजरीत जाणे झाले आणि तिथे यंत्राच्या उजेडाने सोन्यावर अक्षरे उमटताना या डोळ्यांनी पाहिली. तेव्हापासून एकच विषय मनात घोळतो आहे. सोन्यावर आजवर कोणी काय कोरले, कशाने कोरले, आणि ज्यांच्या अंगावर ते सोने मिरवले त्या आम्हा बायकांचे त्यात काय होते? मी इतिहास शिकलेली नाही. वाचलेले थोडे आणि अंगावर घातलेले थोडे, एवढ्याच भांडवलावर हे लिहीत आहे.

माझ्या आजीजवळ पुतळ्यांची माळ होती. लहानपणी मला त्या पुतळीवर राम-सीताच दिसत, कारण आजीने तसे सांगितले होते. पुढे कळले की पुतळी हे मुळात आपल्याकडचे नाणेच नव्हे. इटलीतल्या व्हेनिस शहराने १२८४ साली एक सोन्याचे नाणे पाडले, डुकाट त्याचे नाव. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोने जवळजवळ शंभर नंबरी. त्याच्या एका बाजूला तिथला राज्यप्रमुख त्यांच्या संतापुढे गुडघे टेकून बसलेला, तर दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त. १७९७ साली ते राज्य बुडाले, तोपर्यंत पाचशे वर्षे ना चित्र बदलले ना कस. म्हणून तर समुद्रापलीकडच्या आपल्या मुलखातले सराफसुद्धा ते डोळे मिटून घेत. त्यावरच्या माणसांच्या आकृती पाहून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले, त्याच्या नकला पाडल्या, कडी लावून माळेत ओवले आणि चित्रातल्या परक्या देवांना आपले देव करून टाकले. ख्रिस्ताची पूजा न करणाऱ्या किती सवाष्णींनी त्याला गळ्यात बाळगले असेल, याचे मला नेहमी हसू येते. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या नाण्यावर काय लिहिले आहे हे इथे कुणालाच वाचता येत नव्हते. अक्षर कळत नव्हते आणि भरवसा मात्र होता.

वाचता येईल असे अक्षर आपल्या सोन्यावर दिसते ते शिवरायांच्या होनावर. १६७४ सालच्या राज्याभिषेकाच्या सुमारास पाडलेल्या त्या इवल्याशा नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे आहेत. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत ती बसवायची म्हणजे ठसा खोदणाऱ्याचा हात किती स्थिर असला पाहिजे! खोदायचे पोलादात, तेही उलटे, म्हणजे सोन्यावर सुलटे उमटेल. त्या कारागिराचे नाव काही कुणाला ठाऊक नाही. सोन्यावर नाव राजाचे असते.

आता आपल्या घरच्या दागिन्यांकडे येते. कोल्हापुरी साज तर आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिला आहे. त्याच्या एकवीस पानड्यांत दहा अवतारांच्या, आठ अष्टमंगलाच्या, शिवाय माणिक-पाचूच्या. ही पानडी म्हणजे सोन्याचा कागदासारखा पातळ पत्रा. तो ठशावर ठेवून ठोकायचा, आकार उठला की आत लाख भरायची आणि मग बारीक कोरणीने वरचे काम उजळायचे. माशाचे खवले, कासवाच्या पाठीवरच्या रेघा, सगळे या शेवटच्या हातात. ठोकून उठवलेल्या नक्षीत सोने कमी होत नाही, ते फक्त इकडचे तिकडे सरकते. कोरणीने मात्र सोने कापले जाते, कण उडतात. म्हणून सोनाराच्या मांडीवर कातडे पसरलेले असे आणि दुकानातला केरसुद्धा वाया जात नसे. झारेकरी येऊन तो विकत घेई, धुऊन त्यातले सोने काढी. गुजरीच्या गटारातला गाळसुद्धा कुणीतरी धुतो, असे आम्ही मुलींनी ऐकले होते.

सोनाराने आपल्या आईच्या सोन्यातूनही कण घ्यावा, ही म्हण काही उगाच पडली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनारांच्या चोरीच्या पाच वाटा नावानिशी सांगितल्या आहेत. काट्यातली खोट ही त्यांतली पहिली. १९०५ साली म्हैसुरात शामशास्त्र्यांना त्या ग्रंथाची पोथी सापडली म्हणून हे आपल्याला कळले. पण मला सोनारांची बाजूही सांगायची आहे, आणि ती सांगताना मन थोडे जड होते.

१९६२ साली चीनने आक्रमण केले. संरक्षण निधीसाठी बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. आपल्या मंडळातूनही गेल्या. मागोमाग ९ जानेवारी १९६३ ला सुवर्णनियंत्रणाचा हुकूम निघाला. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. यापुढे नवा दागिना चौदा कॅरटच्या वरचा करायचा नाही असे ठरले. चौदा कॅरट म्हणजे शंभर भागांत सोने जेमतेम अठ्ठावन्न, बाकी तांबे-चांदी. परदेशातून चोरून येणारे सोने थांबावे, लोकांचा सोन्याचा सोस कमी व्हावा हा हेतू. हेतू वाईट कोण म्हणेल? पण ज्यांच्या हातांना दुसरे काही येत नव्हते अशा सोनारांच्या घरी चुली विझल्या. कुणी जीव दिल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. जुने दागिने मोडून त्याच कसाचे करून देण्याची सवलत लहान सोनारांना पुढे मिळाली, पण तोवर कितीकांनी एरण विकून टाकली होती.

माझे लग्न १९६५ च्या वैशाखातले. थोरल्या बहिणीच्या लग्नात घरातले जुने सोने संपले होते, म्हणून माझा साज नव्या सोन्याचा, आणि कायद्याप्रमाणे चौदा कॅरटचा. आमचे सोनारमामा तो घेऊन घरी आले आणि दादांच्या पुढे ठेवताना मान वर करीनात. दादांनी विचारले तर म्हणाले, “ठसा उठंना झालाय अण्णा. ह्यो धातू लय कडक. लोण्यागत सोन्यावर हात बसल्याला, आता पत्र्यावर ठोकल्यागत वाटतंय.” खरेच, त्या साजातल्या माशाला खवले दिसत नव्हते. माझ्या सासरच्या बायकांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला, तो क्षण मी अजून विसरले नाही. कोणी काही बोलले नाही, पण पितळेचे भांडे परत फळीवर ठेवावे तसा तो त्यांनी परत ठेवला. पुढच्याच वर्षी, १९६६ साली, चौदा कॅरटचे बंधन उठले. बाकीचे नियंत्रण १९६८ च्या कायद्याने राहिले, ते १९९० साली गेले. सोनारमामा मात्र बंधन उठण्याआधीच धंदा सोडून मुलाकडे निघून गेले होते.

तो साज मी १९७८ साली मोडला, त्यात साठवलेल्या पैशांची भर घातली आणि एका मोठ्या दुकानातून चार पाटल्या करून घेतल्या. दुकानाचे नाव लिहीत नाही. आता ते आहे की नाही, तेही ठाऊक नाही. पाटलीच्या आतल्या बाजूला ‘२२’ असा आकडा ठोकलेला होता. मी तो बोटाने चाचपून पाहिला आणि निश्चिंत झाले. पंचवीस वर्षे घातल्या. २००३ साली यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा त्या विकायला काढल्या. नव्या तऱ्हेच्या यंत्राखाली त्या ठेवल्यावर पडद्यावर जो आकडा आला, तो अठराच्याही किंचित खालचा होता. पुन्हा घासून, कापून पाहिले, तेच. मूळ दुकानात गेले तर प्रश्न आला, “पावती आहे का?” पावती कुठली! कच्ची चिठ्ठी, तीही घर बदलताना गेलेली. हिशेबात जी तूट आली ती आम्ही माझ्या भावाकडून उसने घेऊन भागवली. यजमान बरे झाले. पण तो ‘२२’ चा आकडा माझ्या मनात कायमचा खुपत राहिला. त्या आकड्याच्या मागे कोणीच उभे नव्हते, एवढे साधे मला आधी का सुचले नाही? ज्याने विकले त्यानेच ठोकले होते!

हीच अडचण इंग्लंडात सातशे वर्षांपूर्वी ओळखली गेली. १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाने कायदा केला की चांदीचा जिन्नस तपासल्याशिवाय आणि त्यावर बिबळ्याच्या मस्तकाची खूण ठोकल्याशिवाय विकायचा नाही. १४७८ पासून ही तपासणी लंडनच्या सोनारसंघाच्या वाड्यात होऊ लागली. इंग्रजीत वाड्याला हॉल म्हणतात, म्हणून ती खूण हॉलमार्क. विकणारा एक आणि तपासणारा दुसरा, हे तिचे सारे मर्म. आपल्याकडे ती सोय यायला एप्रिल २००० उजाडले, आणि तीही ऐच्छिक. सक्ती झाली १६ जून २०२१ पासून, सुरुवातीला २५६ जिल्ह्यांत.

आणि इथे लेसर येतो. पोलादी ठसा ठेवून हातोडी मारली की खूण उमटते, पण खालचे अंगही दबते. भरीव अंगठीला ते चालते. आपल्या लाख भरलेल्या पोकळ मण्याला, पातळ पानडीला तो घाव सोसत नाही. आकार बसका होतो, नक्षी मोडते. लेसर जिनसाला स्पर्शच करीत नाही. ज्या दागिन्याला खुणेची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ठशाचे भय होते. ते या उजेडाने घालवले.

हा उजेड आहे तरी काय? उजेड ठरावीक तऱ्हेने वाढवता येईल हे आइन्स्टाइनने १९१७ सालीच मांडले होते. १६ मे १९६० ला अमेरिकेत थिओडोर मेमन याने कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. आपल्या साजात माणिक शोभेला, तिथे ते कामाला! १९६५ साली या किरणाने हिऱ्याला भोके पाडली. तार ओढायच्या भोकाभोकांच्या पट्टीत बसवायचे ते हिरे. म्हणजे लेसरची पहिली मोठी नोकरी एका अर्थी सोनारकामाच्या भाऊबंदातलीच. दरम्यान १९६४ साली कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर निघाला. तो शोधणारे चंद्रकुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. लाकडावर, कातड्यावर, कापडावर जे नाजूक जाळीकाम हल्ली दिसते, लग्नपत्रिकांचे कागद कातरलेले असतात, ते बहुतेक याच जातीच्या लेसरचे. सोन्यापुढे मात्र बारामतीकरांचे काही चालले नाही. त्या किरणाला सोने आरशासारखे परतवून लावते.

सोन्यासाठी दुसरा किरण लागतो. काचेच्या केसासारख्या तंतूत तो तयार होतो आणि डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. गंमत अशी की सोने वितळते तेही १०६४ अंश सेल्सियसला. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला तो योगायोग फार आवडला. हाही किरण सोने शंभरातले सत्त्याण्णव भाग परत फेकते. शिवाय सोन्यात उष्णता पाण्यासारखी पसरते, एका जागी टिकत नाही. मग अक्षर कसे कोरायचे? तर किरण सलग सोडायचा नाही. त्याचे अतिसूक्ष्म तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात इतका जोर भरायचा की उष्णता आजूबाजूला पळण्याआधीच त्या टिंबाएवढ्या जागेतले सोने उडून जावे. असे हजारो टिंब एकापुढे एक ठेवले की रेघ होते. दोन चिमुकले आरसे थरथरत किरणाला फिरवतात. तेच त्याचे मनगट!

१ जुलै २०२१ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक येऊ लागला, आणि १ एप्रिल २०२३ नंतर त्याच्याशिवाय विक्री बंद झाली. मानक ब्यूरोची त्रिकोणी खूण, मग ‘२२के ९१६’ यासारखा कस, मग हा क्रमांक. मोबाइलवर बीआयएस केअरमध्ये तो घातला की दागिना कोणाचा, तपासला कुठे, कस किती, सगळे समोर येते. भिंग घेऊन बघायला मात्र विसरू नका. आणि तेवढ्याने डोळे झाकूही नका. दोन ग्रॅमच्या आतल्या जिनसाला सक्ती नाही, कुंदन-पोलकीला नाही. नथ, मुरणी घेताना पावती पक्कीच घ्या. माझ्यासारखे करू नका.

आता ज्या दिवसामुळे हे लिहायला बसले त्याकडे वळते. नातीचे लग्न ठरले आहे. तिच्यासाठी एक बांगडी घेतली, तिच्या आतल्या अंगाला तो क्रमांक होताच. नात म्हणाली, “आजी, उरलेल्या जागेत पणजीचं नाव घालायचं.” झाले होते असे की स्मरणिकेसाठी मंडळाची जुनी दप्तरे काढली तेव्हा १९५६ च्या प्रौढ साक्षरता वर्गाची वही मिळाली. त्यात माझ्या आईची सही आहे. आधीच्या पानांवर तिचा अंगठा, आणि एका पानापासून पुढे सही. पण ती सही तिच्या सासरच्या नावाची नाही. तिच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले होते, जसे माझ्याही लग्नात लिहिले. सोन्याने बाईचे नाव लिहायचे ते तांदळात, आणि त्याच दिवशी ते तांदूळ डब्यात जायचे. आईने लिहायला शिकल्यावर पहिल्यांदा कोणते नाव लिहिले? तर माहेरचे, ज्या नावाने तिला हाक मारणारे कोणी उरले नव्हते. हे आम्हा मुलांना ती हयात असताना कधीच कळले नाही.

नातीने त्या पानाचा फोटो काढला होता. गुजरीतल्या एका माडीवर ते यंत्र आहे. मी भट्टी, फुंकणी, असे काहीतरी मनात धरून जिने चढले, तर एक पोरसवदा मुलगा आणि हिरवट काचेच्या झाकणाची पेटी! त्याने संगणकावर आईची सही मोठी केली. वाकडीतिकडी अक्षरे, रेघ सोडून वर चढलेली. तिच्या नावात एक जोडाक्षर आहे, ते तिला कधी साधले नाही; दोन अक्षरे तिने शेजारी शेजारी मांडून ठेवली होती. मुलगा म्हणाला, “आजी, हे चुकलंय. जोडून घेऊ का? एका मिनटाचं काम हाय.”

नात माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, “नको बाळ. आहे तसंच येऊ दे.”

त्याने बांगडी तिरकी धरून बसवली. आधी नुसता तांबडा ठिपका अक्षरांवरून फिरला, कुठे येणार ते दाखवायला. मग काच झाकली, चर्रर्र असा बारीक आवाज झाला, पांढऱ्या ठिणग्या उडाल्या. पहिल्या फेरीत जेमतेम ओरखडा दिसला. त्याच वाटेने किरण आणखी बऱ्याच वेळा फिरला, तेव्हा कुठे अक्षरे काळसर खोल झाली. उडालेले सोने एक नळी ओढून घेत होती. त्याचे काय करता असे विचारले, तर म्हणाला की गाळणीची पिशवी भरली की वितळवायला देतो. झारेकरी गेला, झारा काही सुटला नाही!

काम होण्यापूर्वी त्याने बांगडी काट्यावर ठेवली होती, तशीच पुन्हा ठेवली. मी चष्मा पुसून पाहिले. दोन मिलिग्रॅम कमी. गुंजेचा साठावा भाग. मी हिशेब करते आहे असे पाहून तो घाईघाईने म्हणाला, “आजी, एवढी घट जातीच. नाव कोरायचं म्हंजे सोनं थोडं जाणारच की.”